सुवार्ता, पाणी यायलंय

कमल, आज पुन्हा माझं पाणी चुकलं.

तू गेल्यापासून हे चौथ्यांदा. साडेसहाला स्वयंपाकघरात जाऊन नळ फिरवला, तर तो नुसता खाकरला आणि गप्प झाला. म्हणजे येऊन गेलं होतं. पिंपाच्या तळाला तांब्याभर उरलेलं. त्यात तोंड धुतलं, चहाचं आधण ठेवलं, आणि उरलेल्या वाटीभर पाण्यात डाळ भिजवायची की नाही असा विचार करत ओट्याशी उभी राहिले. तेव्हा तुझा असा काही राग आला मला, की विचारू नकोस! सव्वीस वर्षं बाईनं सवय लावून ठेवली आणि एका मंगळवारी न सांगता चालती झाली. हे काय वागणं झालं का?

आपल्या बिल्डिंगचं पाणी म्हणजे लहरी जावई. पहाटे पाच ते सातमध्ये कधीतरी अर्धा तास येणार, कधी ते त्याचं त्याला ठाऊक. पाइप आधी तुझ्या घराकडे वळतो, मग माझ्याकडे. म्हणून तुझ्या नळाला आधी फुसफुस व्हायची, आणि ती तुला झोपेतही ऐकू यायची. की तू उठलीस, उलथनं घेतलंस आणि समोरचं माझं दार बडवायला लागलीस. "सुवार्ता गं सुलू! सुवार्ता! पाणी यायलंय!" अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. मराठवाडा सोडून तुला पस्तीस वर्षं झाली, पण तुझं 'यायलंय' आणि 'करायलंय' काही मीरा रोडला आलं नाही, परभणीतच राहिलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभीला तर अजून वाटतं, की मराठीत पाण्यालाच सुवार्ता म्हणतात. परवा जिन्यात भेटली. तुझ्याबद्दल हळहळली, डोळे पुसले आणि मग म्हणाली, "सुलुबेन, आजकल सुवार्ता कब आता है, पता ही नहीं चलता." मला हसू आलं आणि ते मध्येच फुटलं. तिला वाटलं मी रडतेय. तेही खरंच होतं.

हा शब्द मी तुला दिला होता, कमल, पण पाण्यासाठी नव्हता दिला.

मी राहायला आले त्या दिवशी दारात तू उभी होतीस, हातात केरसुणी, आणि माझं सामान बघत होतीस. मी म्हटलं, "सलाम." आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती माणसांत सलामच म्हणतात, त्यात मी काय वेगळं केलं? पण तू माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलंस, साडीकडे बघितलंस आणि विचारलंस, "तुमी मुसलमान का?"

"नाही हो. ख्रिस्ती."

"मग सलाम कशाला?"

"आमच्यात असंच म्हणतात."

"बरं. आमच्यात जयभीम म्हणतात." आणि केरसुणी ठेवून तू माझी गादी धरायला आलीस. त्या दिवसापासून दार उघडलं की तू जयभीम म्हणायचीस आणि मी सलाम म्हणायचे. सव्वीस वर्षांत दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी तुला पत्रक दिलं. आमच्या चर्चच्या मंडळीतून गठ्ठा मिळाला होता, शेजारी-पाजारी वाटा म्हणून. मी तेव्हा नवीन उत्साहाची. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारायचे आणि संध्याकाळी आत्म्यांचं ओझं वाहायचे. तुझ्या दारात उभी राहून, आवाज मऊ करून म्हटलं, "कमलताई, तुमच्यासाठी सुवार्ता आणलीय." तो आवाज तू पुढे किती वर्षं माझ्याच तोंडावर काढून दाखवलास, देवा!

तू पदराला हात पुसलेस, कागद घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास. "सुवार्ता म्हंजे काय?"

"चांगली बातमी."

"कशाची? पाणी यायलंय का?"

दोन दिवस नळ कोरडे होते तेव्हा. तुझा प्रश्न अगदी रास्त होता, हे मला आता कळतं. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तारणाचं बोलतेय आणि ही बाई पाण्याचं विचारतेय! तू पदर तोंडात कोंबून हसलीस. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्यांदा माझं दार वाजलं आणि मजल्यावर पहिल्यांदा ती आरोळी उठली. पत्रक तू फेकलं नाहीस मात्र. चार घड्या घालून फ्रिजच्या लंगड्या पायाखाली घातलंस. सात वर्षं तुझा फ्रिज माझ्या पत्रकावर उभा होता. मी बघितलं तेव्हा चिडून काही बोलणार, तेवढ्यात तूच म्हणालीस, "बग की, टेकू दिलाय तुझ्या देवानं." आता काय बोलणार?

मेणबत्त्यांचा डबा आठवतो? एकच डबा होता आपल्या दोघींत. बुद्धपौर्णिमेला तो माझ्याकडून तुझ्याकडे जायचा आणि नाताळला तुझ्याकडून माझ्याकडे यायचा. अर्ध्या जळलेल्या, बुडाला मेण थिजलेल्या मेणबत्त्या. कुणाच्या कोणत्या, हे आपल्याला कधी कळलं नाही. पांढऱ्या साड्यांचंही तेच. तू विहारात जाताना माझी नेसायचीस, मी प्रभुभोजनाच्या रविवारी तुझी. "देव न्हाई जुळले, पण साड्या जुळल्या," म्हणायचीस.

एकदा आपण उत्तनला गेलो होतो, तुला सुके बोंबील हवे होते म्हणून. बसमधून उतरल्यापासून तू वाटेवरचे क्रूस मोजत होतीस आणि मला कोपरानं ढोसत होतीस, "तुझी मानसं." मी सांगत होते, अगं ती कॅथलिक, आमचं वेगळं. तू म्हणालीस, आमच्यातबी लई गट हायेत, मला शिकवू नको. बाजारात एका म्हाताऱ्या कोळणीपुढे बसलो. तिची बोहनी आपल्यापासूनच. तिनं माझी नोट कपाळाला लावली, छातीवर क्रूसाची खूण केली, पुटपुटली काहीतरी आणि मग बोंबील पुढे सरकवले. तू वास घेऊन बघितलास तर म्हणाली, "वास कसला घेतंस बाय? चांगला सुकवलेला हाय, वाळू न्हाय त्यात." घरी येऊन भिजवले, तर खरंच कणभर वाळू नव्हती. तू परातीतलं पाणी मला दाखवलंस. "बगितलंस सुलू? ही बाई कुणाला कागद वाटत न्हाई." मला ते लागलं. मी दोन दिवस तुझ्याकडची भाजी घेतली नाही. पण मला ते लागलं ते खरं होतं म्हणून, हे आज सांगते.

आणि मग ते फळ्याचं झालं.

आमची मंडळी स्टेशनजवळच्या एका गाळ्यात भरते, खाली चष्म्याचं दुकान आणि वर आम्ही. नाताळच्या कार्यक्रमाला मी तुला दरवर्षी बोलवायचे, तू दरवर्षी टाळायचीस. त्या वर्षी आलीस. डबा भरून करंज्या घेऊन, माझ्याच साडीत. मी अशी मिरवत होते, काय सांगू! तू गाणी ऐकलीस, पोरांचं नाटक बघितलंस, आणि केक खाता खाता मागच्या भिंतीपाशी गेलीस. तिथे आमचा प्रार्थनेचा फळा होता. वर खडूनं लिहिलेलं, 'हरवलेली मेंढरे'. खाली नावं. चौथं नाव तुझं, माझ्या अक्षरात.

तू केकची बशी टेबलावर ठेवलीस, करंज्यांचा रिकामा डबा उचललास आणि जिना उतरलीस. मी मागे धावले. रिक्षात तू डबा मांडीवर धरून बाहेर बघत बसलीस. जिन्यात बोललीस. "मी हरवले?" तू विचारलंस. "अगं, तुझ्या समोरच्या दारात ऱ्हाते मी. दार उघडलं की दिसते. हरवले कुठं?"

मी म्हटलं, तो अर्थ तसा नाही गं, ते अलंकारिक असतं.

"माझ्या बापानं घरातले सगळे देव पोत्यात घालून नदीला सोडले. सोडताना त्याचे हात कापत हुते, तरी सोडले. आता ते पोतं तू परत माझ्या डोक्यावर ठिवायलीस." मग हळू म्हणालीस, "तुझा आजा आन् माझा बाप एकाच वेशीच्या भाईरचे, सुलू. तुझा एका दारानं निघाला, माझा दुसऱ्या. निघाले ना दोघंबी? मग मला कशाला हाका मारायलीस?"

आजोबांची ही गोष्ट आपण त्याआधी कधीच उघड बोललो नव्हतो. दोघींना ठाऊक होती. आडनावावरून, गावावरून, आपल्या माणसांना कळतंच. मला उत्तर द्यायचं होतं. मला म्हणायचं होतं, की मी तुला पोतं नाही गं देत, पोत्यात बसणारी ती वस्तूच नाही. पण तू दार लावून घेतलंस. ते उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं, वर्षानुवर्षं, आणि आता तर देणार कुणाला?

महिनाभर तू बोलली नाहीस. पण पहाटे दार वाजायचं! उलथन्याचे तीन ठोके, बस. ना सुवार्ता, ना सुलू. मी दार उघडायचे तेव्हा तुझं लागलेलं असायचं. तीन ठोके देऊन शत्रूचं पिंप भरून देणारी बाई मी दुसरी बघितली नाही. जयभीम नाही, सलाम नाही, आणि पाणी मात्र रोज. आमच्या शास्त्रात वैऱ्याला तहान लागली तर त्याला प्यायला दे, असं लिहिलंय. मी ते पन्नास वेळा वाचलं असेन. ते पाळताना मात्र मी तुला बघितलं, आणि याची मला इतकी लाज वाटायची की पाणी भरताना मी रडायचे.

त्याच महिन्यात वॉचमनचं प्रकरण झालं. दोन दिवस आपल्या विंगला पाणीच आलं नाही, आणि मला कुणीतरी सांगितलं, की वॉचमन पलीकडच्या विंगकडून चहापाणी घेऊन व्हॉल्व्ह तिकडे सोडतो. माझा पारा तर ठाऊकच आहे तुला. खाली गेले आणि सगळ्या लोकांसमोर त्या म्हाताऱ्याला नको नको ते बोलले. चोर म्हटलं. तो बिचारा नुसता "नहीं मैडम, नहीं मैडम" करत राहिला. दुपारी कळलं, आपल्या विंगचा पंपच जळला होता. दोन दिवस तो माणूस पंपवाल्याकडे खेटे घालत होता.

मी तशीच घरात बसून राहिले. प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेना. कसा फुटणार? शेवटी उठले, चप्पल घातली आणि खाली गेले. सकाळी जेवढे लोक होते तेवढे जमेपर्यंत थांबले, कारण शिवी चारचौघांत दिली तर माफी एकटीत कशी मागणार? हात जोडले. "भैया, गलती मेरी थी. मैंने आपको चोर बोला. माफ करो मुझे." तो घाबरून खुर्चीवरून उठला, माझे हात धरून खाली करायला लागला. कुणीतरी हसलं. वर बघितलं, तर गॅलरीत तू कपडे वाळत घालायचं सोडून उभी होतीस.

संध्याकाळी माझं दार वाजलं. पाण्याची वेळ नव्हती. तू आत आलीस, खुर्ची ओढून बसलीस आणि म्हणालीस, "तुझं पत्रक म्या वाचलं न्हाई. सात वर्षं फ्रिजखाली हुतं, तरी न्हाई वाचलं. पर आज वाचलं." आणि वर, "वॉचमनची माफी मागितलीस. माझी कवा मागणार?"

मी मागितली. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मागितली. रविवारी जाऊन फळ्यावरचं तुझं नाव पुसलं, आणि वरचं ते शीर्षकही पुसलं. पाळकांनी विचारलं तर म्हटलं, "नुसती नावं राहू देत. हरवलंय कोण, ते प्रभूला ठरवू दे." सोमवारी पहाटे दार वाजलं. "सुवार्ता गं सुलू!" मी अंथरुणात पडल्या पडल्या ते दोनदा ऐकून घेतलं. मग उठले.

त्यानंतर तू मला कधी अडवलं नाहीस आणि मीही तुला कधी सांगितलं नाही. आमचे हे गेले, तेव्हा तू माझ्याकडे तीन आठवडे झोपायला आलीस. मी जेवणाआधी डोळे मिटले, की तू घास हातात धरून थांबायचीस. माझी प्रार्थना लांबली की म्हणायचीस, "आटप बाई, भाकर वाळायलीय." अंगणवाडीतलं काम आटपून आलीस की विचारायचीस, आज कुणाची माफी मागितलीस? आणि मी खरंच सांगायचे. मला वाटायचं, होईल. वेळ आहे. एक दिवस तू आपणहून विचारशील आणि मी सगळं सांगेन, नीट, घाई न करता. मी त्या दिवसाची वाट बघत होते, कमल. मनातल्या मनात वाक्यं जुळवून ठेवली होती.

तो दिवस आला, आणि मी माती खाल्ली.

छातीत पाणी झालं म्हणून तुला ॲडमिट केलं. त्यातही तुझी चेष्टा चालूच. "नळाला न्हाई, छातीत यायलंय बग. सुवार्ता!" सोमवारी संध्याकाळी मी भेटायला आले. नाकात नळी, केस पिंजारलेले. तुझा प्रदीप पायाशी उभा होता, फोन कानाला लावून. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सुलू, ती तुझी सुवार्ता नेमकी काय असती गं? पाण्याची न्हाई. खरी. आज सांग."

सव्वीस वर्षं! आणि मी काय केलं? मी प्रदीपकडे बघितलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईच्या मुलांकडे बघितलं. त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता, आजाऱ्याजवळ प्रार्थना करणाऱ्या कुठल्यातरी बायकांना घेरून लोक जाब विचारत होते. कुठला, कधीचा, कोण जाणे. मला वाटलं, तुझा मुलगा काय म्हणेल? आई मरणाच्या दारात आणि ही बाई तिला बाटवायला बसली, असं कुणी म्हटलं तर? मी घाबरले, कमल. सरळ घाबरले. आणि आणखी एक भीती होती, ती तर कुणाला सांगण्यासारखी नाही. मला वाटलं, आता तोंड उघडलं आणि त्यातून तोच मऊ आवाज निघाला, तेच पत्रक निघालं, तर?

मी म्हटलं, "उद्या सांगते. आज दमलीस. झोप."

तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं असणार, तुला काय कळत नव्हतं? "उद्या तर उद्या," म्हणालीस. "तवर केस तरी विंचर." मी तुझे केस विंचरले, वेणी घातली, आणि निघाले. मंगळवारी भेटायची वेळ व्हायच्या आधीच फोन आला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मागे बसले होते. भंतेजी आले, त्रिशरण झालं, मला आता पाठ आहे ते. तुझ्या फोटोसमोर लावायला मेणबत्त्या कमी पडल्या, प्रदीपची रेखा गोंधळली, तर मी घरी जाऊन तो डबा घेऊन आले. तुझ्या सुनेला वाटलं मी विकत आणल्या. मी म्हटलं, तुझ्या सासूच्याच आहेत. अर्ध्या तरी.

रविवारी मंडळीत एका भगिनीनं विचारलं, "तुमच्या त्या शेजारणीनं शेवटी प्रभूला स्वीकारलं होतं का?" मला राग आवरला नाही. "तिनं मला सव्वीस वर्षं स्वीकारलं होतं, आधी त्याचं बोला," म्हटलं आणि घरी निघून आले. पण घरी येऊन मीच गुडघे टेकले आणि तोच प्रश्न विचारला. रोज विचारतेय. तू कुठे आहेस गं? मला तुझ्याशिवाय स्वर्ग नको आहे. हे मी देवाला सांगितलं, रागावून सांगितलं. त्यानं अजून काही उत्तर दिलेलं नाही. पण वॉचमनपुढे हात जोडायला मला ज्यानं खाली पाठवलं तो तुझ्याशी वाईट वागेल, हे माझं मन घेत नाही.

काल इतकं लिहून वही मिटली होती. आता पुढचं आजचं लिहितेय.

काल झोपताना सुचलं, माझं पाणी चुकतंय, तर त्यांचंही चुकत असणार. त्या घरात नळ ऐकणारी तू एकटीच होतीस. पोरांच्या कानात रात्रंदिवस ते इअरफोन. म्हणून आज पाचलाच उठले आणि स्टूल घेऊन नळापाशी बसले. नळ उघडा ठेवला. पावणेसहाला त्यानं फुस्स केलं. आजवर माझ्या नळाची फुसफुस मी कधी ऐकलीच नव्हती, ऐकायची गरज काय होती?

उलथनं घेतलं. तुझ्या दारासमोर उभी राहिले. दारावर अजून तुझ्या नावाची पाटी आहे. हात वर केला, तो तसाच राहिला. तीन ठोके दिले. तोंडातून शब्द येईना. मग मनाशी म्हटलं, एकदा गिळलास ना सुलू, आता परत गिळतेस? आणि ओरडले, "सुवार्ता! प्रदीप, सुवार्ता! पाणी यायलंय!"

माझ्या तोंडी तुझं 'यायलंय'. प्रदीपनं दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. माझ्याकडे बघतच राहिला, मग माझ्या हातातल्या उलथन्याकडे बघितलं. "काकू," म्हणाला, "आम्ही अकरा दिवस विकतचे जार आणतोय. पाणी कधी येतं तेच आम्हाला माहीत नाही. आईनं कधी सांगितलंच नाही." आतून रेखा बादल्या ओढायला लागली. तो मात्र दारातून हलेना.

"त्या मंगळवारी सकाळी आई मला म्हणाली, माझी वेणी नीट कर, आज सुलू तिची सुवार्ता सांगणार हाय. मला वाटलं पाण्याचंच काहीतरी असेल. म्हटलं, दवाखान्यात कसलं पाणी? ती हसली. काय होतं ते, काकू?"

"आदल्या दिवशी तू तिथेच होतास की. ऐकलं नाहीस?"

"मी ऑफिसच्या कॉलवर होतो. मला काहीच ऐकू आलं नाही."

काहीच ऐकू आलं नव्हतं त्याला, कमल. ज्याला मी घाबरले, त्याच्या कानाला फोन होता. तू वेणी घालून घेऊन माझी वाट बघत होतीस.

"आधी पिंप भर," मी त्याला म्हटलं. "मग चहाला ये."

तो आला, ओल्या पॅंटनं, ओल्या हातांनी. जागा तुझी घेतली, खिडकीकडची खुर्ची. मी चहा ठेवला, भरपूर पाण्याचा. आणि सांगायला लागले. जुळवून ठेवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. सुरुवात वॉचमनपासून केली. मी त्याला चोर कशी म्हणाले, घरी येऊन मला प्रार्थना का करता येईना, मला जिना उतरायला कुणी लावलं, आणि मी कोणावर भरवसा ठेवून सगळ्यांसमोर हात जोडले. मग फळा. मग तुझे तीन ठोके. मऊ आवाज एकदाही निघाला नाही. प्रदीप मध्ये एकदा हसला आणि दोनदा त्यानं तोंड फिरवलं. त्याचं तो काय करेल ते तो जाणे, त्याचं नाव मी कुठल्या फळ्यावर लिहिणार नाही, तुझी शपथ. मी त्याला ते तुझ्या वाटणीचं सांगत होते.

पावणेआठ झाले. तो घड्याळ बघून उठला. "उरलेलं उद्या ऐकतो, काकू. ऑफिसला उशीर होतोय."

"उद्या नाही," मी म्हटलं. "बस खाली. आज."

तो बसला, कमल.